कडीपाटाच्या फळ्या : तासाव्या कीं झांकाव्या?

(१)

रसायनीजवळ पाताळगंगेच्या कांठीं एका खेड्यांत आमचें आजोळ आहे. ‘रसायनी’ हें नांव जुन्या कागदांत शोधणारास सांपडावयाचें नाहीं. १९६० सालीं हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तिचा व इतर रासायनिक कारखाने या खोऱ्यांत आले तेव्हां हें नांव रूढ झालें. कागदांत मिळतील तीं नांवें मोहोपाडें, वासांबें, आपटें, चौक अशीं. मुलूखहि एका दप्तरांत मावणारा नाहीं. कर्जत तालुका १८९१ सालापर्यंत ठाणें जिल्ह्यांत होता, पुढें कुलाब्यांत आला, आणि कुलाब्यास रायगड हें नांव १९८१ सालीं मिळालें. येथल्या एखाद्या घराची हकीकत कागदावरून लावूं पाहणारास अनेक दारें ठोठवावीं लागतात, आणि बहुधा सर्वच बंद आढळतात. मग घरासच विचारणें भाग पडतें.

आमच्या आजोळच्या घराचें दप्तर आम्ही लहान असतांनाच रद्दींत गेलें. उरली ती एक कुलवार्ता. कर्नाळा किल्ला १८१८ सालीं इंग्रजांकडे गेल्यावर ज्या घराण्यांची चाकरी सुटली, त्यांपैकीं एकाचा वाडा उतरवून त्याचें लांकूड या घरास लाविलें, असें आमची आजी सांगे. ती वार्ता खरी कीं खोटी, हें ठरविण्याचें साधन त्या घरांतच पडलें होतें. तें आम्हांस कळलें तें, त्यांतील अर्धें साधन आमच्याच शब्दानें नाहींसें झाल्यावर.

प्रसंग असा. गेल्या माघांत घराच्या जुन्या माडीची दुरुस्ती निघाली. घराचे सध्यांचे मालक, म्हणजे आमच्या मामेभावाचे चिरंजीव, यांनीं दूरध्वनीवरून विचारलें, “काका, माडीवरची माती काढली. खालीं सागाच्या फळ्या निघाल्या आहेत. गवंडी म्हणतो वर फरशी घाला. सुतार म्हणतो घांसून रोगण द्या. काय करूं?” आम्हीं क्षणाचाहि विलंब न लावतां सांगितलें, “फरशी अजिबात नको. घांसून घ्या. जुना साग सोन्यासारखा निघेल.” चाळीस वर्षें मुलांना शुद्ध-अशुद्ध शिकविलेल्या माणसानें न पाहिलेल्या वस्तूविषयीं असा निकाल दिला. तो कां चुकला हें सांगणें, आणि असाच प्रश्न ज्यांच्यापुढें येईल त्यांस कांहीं उपयोगी माहिती देणें, हा या टिपणाचा हेतु आहे.

(२)

प्रथम रचना पाहूं. भिंतीवर अथवा खांबांवर तुळई, तुळईवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्यांची तक्तपोशी. या सर्वांस मिळून कडीपाट म्हणतात. आज फळ्यांची जमीन म्हटली कीं फळी पायाखालीं दिसावयाची, असा आपला समज असतो. जुन्या वाड्यांत बहुधा तसें नसे. तक्तपोशीवर मातीचा थर घालीत, तो चोपीत, आणि वर शेणाचें सारवण अथवा सधनाच्या घरीं चुन्याचा कोबा करीत. माडीवर बसणारास फळी दिसत नसे. ती खालीं माजघरांत निजणारास दिसे. म्हणून कारागीर फळीची खालची बाजू रंध्यानें साफ करी, सांध्यावर पट्टी मारी, कोठें वेलहि काढी. वरची बाजू मात्र वाकसानें तासून तशीच सोडी. फळीचें तोंड खालीं व पाठ वर, हें या बांधणीचें मुख्य लक्षण होय.

मातीचा थर निरर्थक नव्हता. समई कलंडली किंवा शेगडींतील निखारा उडाला तरी तो फळीस एकदम लागत नसे. सांध्यांतून धूळ खालीं गळत नसे, वरच्या पावलांचा आवाज खालीं कमी येई, आणि वांकड्यातिकड्या फळ्यांवर सपाट बैठक मिळे. अर्थात् मोठ्या आगीपुढें मातीचें कांहीं चालत नसे. शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजीं झाली, वास्तुशांति २२ जानेवारी १७३२ रोजीं. खर्च १६,११० रुपये झाल्याचा आंकडा प्रसिद्ध आहे, आणि साग जुन्नरच्या रानांतला, दगड चिंचवडचा, चुना जेजुरीचा, हेंहि सर्वश्रुत आहे. पण २७ फेब्रुवारी १८२८ रोजीं लागलेल्या आगींत त्याचे सारे लांकडी मजले गेले. दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्याचाहि कांहीं भाग मे १८७९ मधील आगींत जळाला. ज्या वाड्याचे हिशेब उरले त्याच्या फळ्या उरल्या नाहींत, आणि ज्या घरांच्या फळ्या उरल्या त्यांचे हिशेब उरले नाहींत, अशी आपली स्थिति आहे. म्हणूनच खेड्यांतील साध्या घराच्या फळीस महत्त्व येतें.

दुसरा प्रकार उत्तरकालीन. रेल्वे १८५६ सालीं खोपोलीपर्यंत आली. त्यानंतर मुंबईच्या वखारींतील यंत्रावर कापलेलें लांकूड, त्यांत ब्रह्मदेशचा सागहि, या बाजूस आणणें सोपें झालें. अशा घरांत एका फळीच्या कडेची जीभ दुसरीच्या खाचेंत बसविलेली असते, वर माती नसते, आणि फळीचें तोंड वर असतें. हे दोन्ही प्रकार एकाच घरांत शेजारीं शेजारीं सांपडतात; आमच्या आजोळींहि तसेंच आहे. मुख्य माडी पहिल्या प्रकारची, ओसरीवरची खोली दुसऱ्या प्रकारची.

ओळखण्याच्या खुणा अशा. दोघांनीं ओढावयाच्या मोठ्या आऱ्यानें कापलेल्या फळीवर सरळ पण कमीअधिक तिरप्या रेघा असतात. गोल यंत्रकरवतीच्या रेघा धनुष्याकृति असतात. वाकसाचे टवके उथळ शिंपल्यासारखे दिसतात. लोहारानें ठोकलेला खिळा चौकोनी व टोकाकडे निमुळता असतो. तारेचा खिळा गोल व सर्वत्र सारख्या जाडीचा असतो. पोथीचा काळ जसा अक्षरवटिकेवरून व कागदावरून अजमावितात, तसा फळीचा या खुणांवरून अजमावितां येतो.

(३)

आतां तासण्याचा विचार. हल्लीं घांसण्याचें काम विजेच्या यंत्रानें होतें. तोंड वर असलेल्या, पूर्वींच रंधलेल्या फळीवर यंत्र हलक्या हातानें फिरविलें तर फारसें जात नाहीं. परंतु वाकसानें तासलेल्या पाठीवर तें फिरविणें ही निराळी गोष्ट आहे. टवक्यांची खोली तीन मिलिमीटर असेल तर सपाटी येण्यास तितकी जाडी सर्वत्र उतरवावी लागते. फळी पंचवीस मिलिमीटर जाड धरली तर बावीस उरते. न वांकण्याची शक्ति जाडीच्या घनाच्या प्रमाणांत असल्यामुळें ती सुमारें एकतृतीयांश कमी होते. चकाकी मिळाली, पण फळी पावलागणिक लवूं लागली, असा अनुभव येतो तो यामुळें.

त्यांतून जुना रंग असल्यास धोका अधिक. शेंदूर हें शिशाचेंच भस्म. जुन्या सफेत्यांतहि शिसें असे. तो थर कोरडा घांसला तर शिशाची धूळ घरभर होते, आणि ती रांगत्या मुलास सर्वांत अधिक बाधते.

घांसल्यावर द्यावयाच्या लेपाचाहि विचार हवा. आमच्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पडतो, आणि आषाढ-श्रावणांत लांकूड फुगतें, शिशिरांत आकसतें. तेल लांकडांत मुरतें व या हालचालीस आड येत नाहीं. सुतार ज्यास बेलतेल म्हणतात त्याचा बेलाच्या झाडाशीं संबंध नाहीं. तें उकळविलेलें अळशीचें तेल, आणि शब्द इंग्रजी ‘बॉइल्ड’चा अपभ्रंश. लाखेचें पॉलिश दिसावयास सुरेख, पण तें खुर्चीस शोभणारें. पायाखालीं टिकत नाहीं, ओल लागतांच पांढरें पडतें. प्लॅस्टिकच्या जातीचें आधुनिक रोगण कठीण पापुद्रा धरतें; तो पापुद्रा एके ठिकाणीं फुटला कीं पाणी आंत शिरतें व बाहेर येण्यास वाट राहत नाहीं.

तथापि या सर्वांहून मोठी हानि निराळी आहे. पोथींतील अशुद्ध अक्षरावर लेखक हरताळ लावीत. त्याखालचें अक्षर निदान कांहीं वेळां उजेडांत धरून वाचतां येतें. घांसलेल्या फळीवरचें अक्षर भुसा होऊन केरांत जातें. तें पुनः वाचण्याचा उपाय नाहीं.

(४)

झांकण्याचे प्रकार तीन, आणि त्यांची सरमिसळ करणें हीच सर्वसामान्य चूक. पहिला, जुन्या रीतीप्रमाणें कोरड्या मातीचा वा चुन्याचा थर. हा पुनः काढतां येतो, श्वास घेतो, आणि फळी मूळ जशी होती तशी ठेवतो. दुसरा, सुटें आवरण : सतरंजी, चटई, अथवा जुन्या फळीस खिळा न मारतां वर टाकलेली नवी फळी. तिसरा, सिमेंटांत बसविलेली फरशी.

या तिसऱ्या प्रकारावर आमचा मुख्य आक्षेप आहे. ओला सिमेंट फळीवर पडतांच ती पाणी पिऊन फुगते. पुढें वाळतांना आकसते, आणि न आकसणारी फरशी तडकते. स्नानगृहाचें वा पागोळीचें पाणी एकदां खालीं झिरपलें कीं तें फरशीखालीं कोंडतें. कडीचीं टोकें भिंतींत गेलेलीं असतात. कुजण्यास व वाळवीस प्रारंभ बहुधा तेथूनच होतो, आणि फरशीमुळें तो दिसत नाहीं. भाराचें गणितहि करावें. तीन इंच चोपलेल्या मातीचा भार चौरस मीटरास सुमारें १२५ ते १३५ किलोग्रॅम भरतो. चाळीस मिलिमीटर सिमेंट व वर फरशी यांचा शंभरांच्या वर. माती काढून फरशी घातली तर भार वाढत नाहीं. परंतु माती तशीच ठेवून वर फरशी घातली, आणि असें पुष्कळ ठिकाणीं करितात, तर तो जवळजवळ दुप्पट होतो. दीडशें वर्षांच्या कडीस हा नवा भार विचारून घातलेला नसतो.

गवंड्याचें म्हणणें सर्वस्वी टाकाऊ नाहीं, हेंहि नमूद केलें पाहिजे. सारवणाची जमीन दर आठवड्यास सारवावी लागते, आणि तें काम घरांतील बायकांच्या पाठीवर येतें. जुन्याचा अभिमान पुरुषांनीं धरावा व शेण-पाणी सुनेनें करावें, हा न्याय नव्हे. म्हणून झांकण असें हवें कीं जें झाडून-पुसून स्वच्छ राहील आणि इच्छेस आलें तेव्हां उचलतांहि येईल.

(५)

आमचा अभ्यास संस्कृताचा; तेव्हां शास्त्र काय म्हणतें तें पाहिल्याशिवाय चैन पडेना. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत शय्यासनास योग्य वृक्षांत शाक, म्हणजे सागवान, गणिला आहे. दुरुस्तीविषयीं मयमतांत स्वतंत्र अध्याय आहे. देवालयाचीं मुख्य व गौण अंगें जेथें अद्याप ओळखूं येतात, तेथें जीर्णोद्धार त्याच्याच मूळ द्रव्यानें करावा, असा त्याचा आशय. विधान देवालयाविषयीं असलें तरी त्यांतील विवेक घरासहि लागू पडतो. जीर्णोद्धार या शब्दांत ‘उद्धार’ जीर्णाचा आहे. जीर्णाच्या जागीं नूतनाची स्थापना हा त्याचा अर्थ नव्हे.

पाश्चात्त्यांसहि हा धडा ठेंच लागूनच मिळाला. इंग्लंडांत जुन्या देवळांच्या भिंती खरवडून नव्यासारख्या करण्याची लाट आली, तेव्हां विल्यम मॉरिस यांनीं १८७७ सालीं जुन्या इमारतींच्या रक्षणासाठीं मंडळ स्थापिलें. या मंडळास लोक ‘खरवड-विरोधी’ याच टोपणनांवानें ओळखीत. पुढें १९६४ सालची व्हेनिसची सनद झाली, आणि लांकडी वास्तूंविषयींचीं तत्त्वें तर आंतरराष्ट्रीय स्मारक परिषदेनें २०१७ सालीं आपल्या दिल्लींतच संमत केलीं. त्यांचें सार दोन वाक्यांत सांगतां येतें : हात शक्य तितका कमी लावावा, आणि जें करावें तें पुढच्या पिढीस परत काढतां यावें. जीर्ण पोथीस खळ लावून पातळ कागद जोडणारा व प्लॅस्टिकच्या पापुद्र्यांत ती कायमची बंद करणारा, या दोघांतील फरक आमच्या वाचकांस निराळा सांगावयास नको.

(६)

आतां आमच्या चुकीकडे वळतों. दूरध्वनीवर निकाल दिल्यानंतर दहा दिवसांनीं आम्ही प्रत्यक्ष गेलों. माडीच्या तीन खणांपैकीं पहिला घांसून झाला होता. साग खरोखरच सोन्यासारखा दिसत होता, आणि घरांतील मंडळी आमच्या तोंडाकडे कौतुकाच्या अपेक्षेनें पाहत होती. दुसऱ्या खणांतील माती झाडून ठेवली होती. तेथें सकाळच्या तिरप्या उन्हांत फळ्यांच्या पाठीवर खुणा दिसल्या.

खुणा दोन जातींच्या होत्या. एक, कावेनें लिहिलेले मोडी वळणाचे अंक; ते बारापासून सुरू होऊन क्रमानें पुढें जात होते. म्हणजे या घरांत फळ्या बसविणाऱ्या सुतारानें लावलेला तो अनुक्रम. दुसरी, पटाशीच्या टोंकानें मारलेल्या उभ्या-आडव्या रेघा. त्याहि संख्याच होत्या, पण क्रम पार विस्कटलेला. शिवाय प्रत्येक फळींत खिळ्यांचीं जुनीं, रिकामीं, चौकोनी भोकें होतीं, आणि त्यांच्यामधील अंतर आजच्या कड्यांच्या अंतराशीं जुळत नव्हतें. यावरून एवढें निश्चित म्हणतां येतें कीं या फळ्या पूर्वीं दुसऱ्या एका कडीपाटावर, निराळ्या अंतराच्या कड्यांवर, निराळ्या क्रमानें बसविलेल्या होत्या. आजीची कुलवार्ता निम्मी खरी ठरली : लांकूड उतरवून आणलेलें आहे.

राहिलें निम्में. तो वाडा कोणता? शिरढोणच्या फडक्यांच्या घराण्याकडे कर्नाळ्याची किल्लेदारी होती, हें प्रसिद्ध आहे. परंतु वासुदेव बळवंतांचें तें जन्मघर जागेवर राहून स्मारक म्हणून जतन झालें आहे, तेव्हां आमचें लांकूड तेथलें नव्हे. इतर घराण्यांपैकीं कोणाचें, याचा कांहीं धागा कोरीव खुणांच्या संपूर्ण मालिकेंतून मिळाला असता. निदान मूळ खण किती फळ्यांचा व दालन केवढें, हें तरी मांडतां आलें असतें. परंतु पहिल्या अकरा फळ्या पहिल्या खणांत होत्या. त्यांच्या पाठीवर आतां कांहीं नाहीं. केराचें पोतें सुद्धां आम्हीं उलथून पाहिलें. भुशांत अक्षर शोधण्याचा वेडेपणा माणूस करतो. सुतारास दोष नाहीं. त्यानें विचारून केलें, आणि विचारलें तें आम्हांस.

वि. का. राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हांपासून माळ्यावरचीं रुमालें वाचविण्यासाठीं आपण गांवोगांव हिंडलों. ज्या फळीवर तें रुमाल पिढ्यान्‌पिढ्या बसलें होतें ती उलटून पाहावी, असें मात्र आम्हांपैकीं फारच थोड्यांस सुचलें असेल. आम्हांस तर सत्तरीच्या उंबरठ्यावर, तेंहि उशिरां सुचलें.

(७)

अखेर ठरलें तें असें. दुसऱ्या व तिसऱ्या खणास यंत्र लावलें नाहीं. फळ्या मऊ कुंच्यानें झाडल्या, दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें घेतलीं, खुणांचे ठसे पातळ कागदावर उतरून घेतले. कुजलेलीं कड्यांचीं दोन टोकें कापून तेथें सागाचेच जोड दिले. फळ्यांवर तरट, त्यावर चाळलेल्या कोरड्या मातीचा पूर्वीपेक्षां पातळ थर, आणि वर सुट्या सागफळ्या, खिळ्यावांचून. सुनेस सारवावें लागत नाहीं, आणि पणतूस वाटलें तर एका दिवसांत सर्व उचलून खालचें वाचतां येईल. पहिला खण घांसला गेला तो गेलाच. त्यास फक्त तेल दिलें, आणि त्याच्या पातळ झालेल्या फळ्यांखालीं प्रत्येक दोन कड्यांत एक नवी कडी घातली. ओसरीवरच्या खोलींतील फळ्यांचें तोंड मूळचेंच वर. तेथें धुणें-पुसणें व तेल एवढेंच केलें. एकाच घरांत एकास झांकण व दुसरीस तेल, हा विसंवाद नव्हे; ज्या फळीचा जो धर्म तो तिला दिला.

म्हणून विचारणारास आमचें उत्तर आतां असें आहे. तासूं कीं झांकूं, हा दुसरा प्रश्न; फळीचें तोंड कोणीकडे, हा पहिला. पाठ वर असेल तर ती वाचल्याशिवाय घांसूं नये, आणि मूळची ती झांकलेलीच होती हें ध्यानांत ठेवून सुटेंच झांकावें. तोंड वर असेल तर तेल द्यावें व उघडी ठेवावी. सिमेंट दोहोंसहि वर्ज्य. फळ्या उचलणें झाल्यास नवे अंक कडेवर शिसपेनीनें घालावे, जुन्या अंकांवर नव्हे. काढलेली माती फेंकण्यापूर्वीं चाळावी. त्यांत नाणें, मणी, खिळा, कागदाचा कपटा, कांहींहि निघूं शकतें.

शेवटीं एक विनंति. जुन्या दप्तरांत सुताराच्या मजुरीच्या, खिळ्यांच्या वजनाच्या, फळ्यांच्या खरेदीच्या यादी पुष्कळ असतात; राजकारणाच्या पत्रांपुढें त्या क्षुल्लक म्हणून बाजूस पडतात. ज्यांच्या संग्रहीं कर्नाळ्याच्या आसपासच्या कोणत्याहि घराची वाडा उतरविल्याची अथवा लांकूड विकल्याची नोंद असेल, त्यांनीं ती कृपा करून प्रसिद्ध करावी. आमच्याजवळ बाराव्या फळीपासून पुढच्या खुणांचे ठसे आहेत. पहिल्या अकरांची उणीव भरून निघण्याचा आतां तेवढाच मार्ग उरला आहे.